जुने पुस्तक रद्दीत देण्यापूर्वी



गेल्या उन्हाळ्यात एका माजी विद्यार्थ्याच्या घरून शाळेच्या वाचनालयास पुस्तकांची एक पेटी भेट मिळाली. त्याचे आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते. पेटीत जुनी बायबले, प्रवचनसंग्रह व ख्रिस्ती धर्मशास्त्राची इंग्रजी-मराठी पुस्तके निघाली. काहींना ती रद्दी वाटली, काहींना लाखोंचा खजिना. आम्ही चौकशी केली तेव्हा दोन्ही मते घाईची ठरली.

पहिली गोष्ट, नुसत्या वयावर किंमत ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बायबले अमाप छापली गेली व घरोघरी जपली गेली, म्हणून ती आजही सहज मिळतात. याउलट फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' पाहा. ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हाताने उतरवलेल्या प्रती लोकांनी सांभाळल्या, म्हणून १९०७ साली मंगळूरहून हा ग्रंथ पुन्हा छापता आला.

दुसरी गोष्ट कागदाची. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून १८११ साली विल्यम कॅरे यांचा मराठी 'नवा करार' निघाला. त्या काळच्या देशी कागदाला तांदळाची खळ असे आणि कीड तिच्यावर तुटून पडे. म्हणून तेथील मंडळींनी किडीला दाद न देणारा कागद स्वतः बनवला व १८२० साली कागद कारखान्यात वाफेचे यंत्र बसवले. युरोपात पूर्वी कागद चिंध्यांपासून होई, तो टिकाऊ असे. १८५० नंतर लाकडाच्या लगद्याचा कागद वाढला. तो पिवळा पडून पापडासारखा मोडतो. त्यामुळे १७८० चे पान १८९० च्या पानापेक्षा धडधाकट आढळू शकते!

पुस्तक हाती आल्यावर हे पाहावे :

१. मुखपृष्ठानंतरचे नाव-सालाचे पान आहे का? पाने क्रमाने मोजावीत. नकाशे, चित्रे व शेवटचे पानही पाहावे. अपुऱ्या प्रतीचे मोल फार घटते.

२. जिल्द मूळची आहे का? पुठ्ठा सांध्यात सुटला आहे का? चामडे लाल भुकटी होऊन बोटाला लागते का?

३. पानांवर तपकिरी ठिपके, ओलीचा वास, किडीची भोके आहेत का? ताजा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे. असे पुस्तक पिशवीत बंद करून ताबडतोब वेगळे ठेवावे.

४. कोणाचे नाव, तारीख, टिपा लिहिलेल्या आहेत का? त्या कधीही खोडू नयेत.

एक गंमत ध्यानात ठेवा. जुन्या पुस्तकांचे व्यापारी प्रतीला इंग्रजीत 'गुड' म्हणतात, तेव्हा ती चांगली नसून बेताचीच असते. 'फाइन' म्हटले तरच उत्तम समजावी.

आता आमची चूक सांगतो. पेटीतील एक मराठी पुस्तक आम्ही उत्साहाने जिल्दसाजाकडे दिले. त्याने कडा सरळ कापल्या व जुना पुठ्ठा फेकून दिला. कडांवर आजोबांच्या पेन्सिलीच्या टिपा होत्या. पुठ्ठ्याच्या आत त्यांचे नाव व साल होते. पुस्तक सुंदर दिसू लागले, पण कुटुंबास दाखवताना आमची मान खाली गेली. त्या टिपा आता कोणत्याही पैशाने परत मिळणार नाहीत.

म्हणून विश्वस्तांना विनंती आहे की पेटीतील प्रत्येक पुस्तकाची नोंद होईपर्यंत विक्री अथवा रद्दीचा निर्णय घेऊ नये. नववीचे विद्यार्थी ही यादी करीत आहेत. पालकांनीही घरातील जुनी पुस्तके, मग ती कोणत्याही धर्माची असोत, चिकटपट्टी न लावता, कडक उन्हात न ठेवता, आहे त्या अवस्थेत एकदा शाळेत दाखवावीत. आपण मिळून पाने मोजू. निर्णय त्यानंतर घेऊ.