बालकलाकारांचा सहभाग : परवानगी आणि पालकांची जबाबदारी

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील बालकांना कामावर ठेवण्यास मनाई केली. मात्र सर्कस वगळता मनोरंजन क्षेत्रातील बालकलाकारांना सशर्त सूट दिली. २०१७ च्या नियमांनुसार निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेणे बंधनकारक आहे. विहित नमुन्यातील हमीपत्रासोबत बालकांची यादी, पालकांची संमती व सुरक्षेस जबाबदार व्यक्तीचे नाव द्यावे लागते. दिवसाला ५ तासांहून अधिक, वा विश्रांतीविना ३ तासांहून अधिक काम घेता येत नाही. उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग बालकाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. अर्ज निर्माता करीत असला तरी पालकांची जबाबदारी संपत नाही. बालकाच्या इच्छेविरुद्ध सहभाग नियमबाह्य आहे. म्हणूनच संमतीपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी पालकांनी प्रथम बालकालाच विचारणे अगत्याचे ठरते.