थंडाव्याचा हिशेब

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर ऐन वैशाखात एखाद्या दुकानाचा एसी थंडावा देईनासा झाला, की कारागीर येऊन ‘गॅस भरून’ जातो; आधीचा गॅस कोठे गेला, याची चौकशी मालकही करीत नाही आणि कारागीरही. तो गळून वातावरणात गेलेला असतो, आणि यंत्र जुने असून त्यातला गॅस आर-२२ असेल, तर त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवितो. ओझोनला होणारा अपाय तो निराळाच. १९८७ च्या माँट्रियल कराराने ओझोनचा बंदोबस्त केला खरा, परंतु त्यानंतर प्रचारात आलेला आर-४१०ए तापमानवाढीच्या बाबतीत आर-२२ वरही ताण करणारा निघाला. सबब २०१६ मध्ये किगाली येथे नवी तजवीज करावी लागली, जिला २०२१ मध्ये संमती देताना भारताने २०३२ पासून आर-४१०एच्या वर्गातील वायूंची कपात आरंभून २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर नेण्याचे पत्करले.

पर्याय आपल्याच मुलखात तयार झाला आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यातून गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारे एसी बाजारात आणले. प्रोपेनचा तापमानवाढीचा अंक अवघा ३ च्या आसपास, आणि थंड करण्याचे गुण उत्तम. मात्र स्वयंपाकाच्या गॅसचाच हा एक घटक असल्यामुळे हवेत तो दोन टक्क्यांहून थोडा अधिक झाला, की ठिणगीची वाट पाहतो. घरगुती यंत्रात तो अर्ध्या किलोच्या आतच असतो, हे खरे. पण नाक्यावरच्या कोंदट गाळ्यात गॅस पुरता काढून न टाकता नळीला डाग देणारा कारागीर गाठ पडला, तर तेवढाही पुरेसा आहे. सध्या खपणारा आर-३२ (अंक ६७५) मंद ज्वलनशील, म्हणून मधला मार्ग ठरला; मला तो मुक्काम वाटत नाही.

मानकोली-पूर्णा भागातील गोदामांसारख्या जागी, शीतगृहासाठी, माझा कौल जुन्या अमोनियालाच आहे: ओझोनचा अपाय आणि तापमानवाढ, दोन्हींचे अंक शून्य, आणि बाष्पीभवनात किलोमागे आर-२२ च्या अनेक पट उष्णता शोषण्याची शक्ती. तो विषारी आहे व तांबे खातो. पण पोलादी नळ्या, वस्तीपासून अंतर आणि जाणते कामगार यांची तरतूद तेथे होऊ शकते, आणि त्याचा उग्र दर्प धोक्याच्या फार आधी वर्दी देतो. कार्बन डायऑक्साइडही या कामी वापरतात. परंतु ३१ अंशांच्या वर त्याचे द्रवीकरण होत नाही आणि भिवंडीची दुपार ती मर्यादा सहज ओलांडते, तेव्हा दाब व विजेचा खर्च दोन्ही चढतात. ही वीज बहुतांशी कोळशाची असल्यामुळे, अंक लहान पण वीज अधिक खाणारे यंत्र आपले नुकसान चंद्रपूरच्या धुराड्यातून वसूल करते.

नाक्यापुरते आधी करण्याजोगे काम मात्र साधे आहे: जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरात परत ओढून घेणारे यंत्र कारागिरापाशी असावे, आणि त्या कामाची मजुरी मालकाने घासाघीस न करता बिलात मान्य करावी.