तेल, सोने आणि अंजनवेल

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक लहानशी चौकट असते. खनिज तेलाचा पिंपामागचा दर, डॉलरची किंमत, सोन्या-चांदीचा भाव आणि शेअर बाजाराचा निर्देशांक एवढाच तिचा मजकूर. कलाशाखेचा विद्यार्थी ही चौकट ओलांडून सरळ क्रीडापानाकडे वळतो. त्याला दोष देता येत नाही. हे आकडे मुंबई-लंडनच्या लोकांसाठी, आपल्या रत्नागिरीला त्यांचे काय, असेच वाटत असते. परंतु गेल्या पस्तीस वर्षांत या चौकटीतल्या आकड्यांनी ज्या जिल्ह्यांचे नशीब उलटेपालटे केले त्यांत आपला जिल्हा बराच वर लागेल. गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या किनाऱ्यावर उभा असलेला वीजप्रकल्प, ज्याला जगाने 'दाभोळ' आणि आपण सर्वांनी 'एन्रॉन' म्हटले, तो या विषयाचे चालते-बोलते पाठ्यपुस्तकच आहे. चालते म्हणण्यापेक्षा अधूनमधून बंद पडणारे म्हणणे अधिक खरे.

पण या गोष्टीचा आरंभ अंजनवेलला होत नाही, तो कुवेतमध्ये होतो.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवेत गिळंकृत केला. जुलैमध्ये पिंपाला १७ डॉलरच्या आसपास असलेले तेल ऑक्टोबरपर्यंत ४० डॉलरच्या वर गेले. आपला देश आपल्या गरजेच्या तेलाचा मोठा भाग बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजतो. तेल दुप्पट झाले की तेवढ्याच जहाजाला दुप्पट डॉलर लागतात. डॉलरची मागणी वाढली की रुपया घसरतो, आणि रुपया घसरला की त्याच तेलाला आणखी रुपये पडतात. म्हणजे एकाच काठीचे दोन तडाखे बसतात. त्यात तिसरा तडाखा कोकणाला विशेष ओळखीचा होता. दापोली, मंडणगड, खेड, राजापूर या भागांतली कितीतरी घरे आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर चालत. कुवेतमधून दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. माणसे सुखरूप आली हे खरे, पण त्यांच्याबरोबर त्यांच्या पगाराचे डॉलर येणेही थांबले.

हे सगळे केवळ तेलामुळे झाले असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. सरकारची तूट वाढलेली होती, अल्प मुदतीची परदेशी कर्जे साठली होती, दिल्लीत सरकारे टिकत नव्हती. लाकूड आधीच वाळलेले होते, आखाताने ठिणगी टाकली. १९९१ च्या आरंभी देशाजवळचे परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले.

अशा वेळी आपल्याकडचा शेतकरी काय करतो? कपाटातली पाटली काढतो आणि सावकाराकडे जातो. देशानेही तेच केले. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोने स्विस बँकेकडे गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. सोन्याला हा मान का मिळतो, हे समजून घेण्यासारखे आहे. नोट म्हणजे सरकारचे वचन, शेअर म्हणजे कंपनीच्या उद्याच्या नफ्यावरचा विश्वास, कर्जरोखा म्हणजे ऋणकोचा शब्द. सोने हे कोणाचेच वचन नव्हे, त्यामुळे ते मोडण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून जेव्हा सगळ्यांचे शब्द संशयास्पद होतात तेव्हा जग सोन्याकडे धावते.

मात्र येथे एक इशारा द्यायला हवा. युद्ध म्हणजे तेल-सोने वर, हे समीकरण वाटते तितके सोपे नाही. १७ जानेवारी १९९१ रोजी अमेरिका व मित्रराष्ट्रांचे इराकवर हल्ले सुरू झाले आणि तेल एका दिवसात जवळजवळ एक तृतीयांशाने कोसळले! सोनेही त्या दिवशी उतरले. कारण बाजार घटनेची किंमत लावत नाही, घटनेच्या भीतीची लावतो. पाच महिने ही भीती भावात साठत गेली होती. सौदी अरेबियाच्या विहिरी शाबूत राहणार असे दिसताच ती एकदम उतरली. उलट २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा मुंबईचा निर्देशांक एका दिवसात २,७०० अंशांनी आपटला. शेवटपर्यंत अनेकांना हे युद्ध होणार नाही असेच वाटत होते. आणि भीतीपोटी सोने घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की जानेवारी १९८० मध्ये, इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील रशियन फौजा यांमुळे, औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलेले सोने पुन्हा त्या भावाला पोहोचायला २००८ साल उजाडले. अठ्ठावीस वर्षे! तेवढ्यात एक पिढी शिकून, नोकरी करून, लेकीचे लग्न लावून मोकळी होते.

असो. आता अंजनवेलकडे येऊ.

सोने गहाण ठेवण्याची पाळी आलेल्या देशाने १९९१ मध्ये परकीय भांडवलाला दार उघडले. विजेचा तुटवडा होता, नवी केंद्रे बांधायला सरकारी तिजोरीत पैसा नव्हता. १९९२ च्या उन्हाळ्यात भारतीय अधिकारी अमेरिकेला जाऊन आले आणि जूनमध्ये एन्रॉन कंपनीने महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी सामंजस्य करार केला. सर्व काही काही दिवसांत उरकले. जागतिक बँकेने १९९३ मध्ये हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला. तरी ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा वीस वर्षांचा करार झाला.

हा करार समजायला वसतिगृहाच्या मेसचे उदाहरण पुरे. समजा, मेसवाल्याने अट घातली की तुम्ही जेवा किंवा न जेवा, मी चूल पेटवून तयार असलो की महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे. जेवलात तर तांदूळ-तेलाचा खर्च बाजारभावाने निराळा. आणि हे पैसे तुम्ही रुपयांत दिलेत तरी हिशेब मुख्यतः डॉलरात होईल. याउपर तुम्ही दिले नाहीत तर तुमचे वडील देतील, वडिलांनी दिले नाहीत तर आजोबा. दाभोळच्या करारात वडील म्हणजे राज्य सरकारची हमी आणि आजोबा म्हणजे केंद्र सरकारची प्रतिहमी.

कंपनीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नुकतेच सोने गहाण ठेवलेल्या देशात कोट्यवधी डॉलर गुंतवणाऱ्याला रुपया घसरण्याची भीती वाटणारच, आणि तोट्यातल्या विद्युत मंडळावर विसंबून परदेशी बँका कर्ज देणार नाहीत. हे सारे खरे. पण जोखीम ही पाण्यासारखी असते, एका खळग्यातून उपसली की दुसऱ्यात जाते. रुपया घसरला तर काय, तेल भडकले तर काय, विजेला मागणीच नसली तर काय, या तिन्ही प्रश्नांचे ओझे करारातील एकेका कलमाने कंपनीच्या खांद्यावरून उतरवून मंडळाच्या, म्हणजे वीज-ग्राहकाच्या खांद्यावर ठेवले होते. माझ्या मते दाभोळच्या प्रकरणातली खरी गोष्ट हीच. लाचलुचपतीच्या आरोपांची चर्चा पुष्कळ झाली, या कलमांची मात्र त्या मानाने थोडी.

१९९५ मध्ये प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करीत युतीचे सरकार आले. ऑगस्टमध्ये त्याने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून अधिक मोठा प्रकल्प मान्य केला. स्थानिकांची आंदोलने झाली, १९९७ मध्ये लाठ्या आणि अटका झाल्या. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. आखातातून येणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर प्रकल्प चालायचा होता, पण वायूची सोय दुसऱ्या टप्प्याबरोबर व्हायची होती, म्हणून तोवर नाफ्था जाळायचे ठरले. नाफ्था हा खनिज तेलाचाच अंश, त्याचा भाव तेलाच्या मागोमाग चालतो.

आता योगायोग पाहा. डिसेंबर १९९८ मध्ये तेल पिंपाला १० डॉलरच्या आसपास होते. तेल-उत्पादक देशांनी एकत्र येऊन उत्पादन आवळले आणि २००० च्या शरद ऋतूत तेच तेल ३० डॉलरच्या पलीकडे गेले. म्हणजे अंजनवेलची चूल पेटायला आणि सरपण तिप्पट महाग व्हायला एकच मुहूर्त लागला. करारावेळी ३१ रुपयांचा डॉलर २००१ मध्ये ४७ रुपयांचा झाला होता. वीज महाग, म्हणून मंडळाने ती कमी उचलली. पण स्थिर आकार तर तेवढाच! १०० रुपये स्थिर आकार ५० युनिटांवर पसरला तर युनिटला २ रुपये पडतात, २५ युनिटांवर पसरला तर ४. जितकी कमी घ्यावी तितकी महाग अशी ही उलटी गंगा. मंडळाची बिले थकली, कंपनीने हम्यांवर बोट ठेवले, आणि मे २००१ च्या अखेरीस प्रकल्प बंद पडला. दुसरा टप्पा तेव्हा बांधून होत आला होता.

शेअर बाजाराचा धडाही याच प्रकरणात आहे. ऑगस्ट २००० मध्ये एन्रॉनचा शेअर ९० डॉलरच्या घरात होता. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्याला एक डॉलरही मिळत नव्हता. दाभोळने एन्रॉनला बुडवले असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते, ते काही खरे नाही. हिशेबांतली लबाडी तिला भोवली. पण कागदावर सर्व जोखमींपासून सुरक्षित असलेला करार कंपनीला वाचवू शकला नाही हे मात्र खरे. ज्याने पैसे द्यायचे तोच कोलमडला तर हमीपत्राचा उपयोग कोर्टापुरता. आणि ज्या भारतीय बँकांनी व वित्तसंस्थांनी प्रकल्पाला कर्ज दिले होते त्यांचे हात दगडाखाली सापडले. शेवटी २००५ मध्ये एनटीपीसी व गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी उभी करावी लागली.

त्यानंतरही वायूचे दैन्य सुटले नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला स्वस्त देशी वायू आटला आणि २०१३ मध्ये संच थंड झाले. नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेला वीज देण्यासाठी ते पुन्हा फिरू लागले. वायूचा धक्का शेजारीच होता, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे कितीतरी वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागत नसत. मग २०२२ आले. रशियाचा वायू आटताच युरोपने जगभरची वायुवाहू जहाजे मिळेल त्या भावाने खेचून घेतली. एरवी १० डॉलरच्या आसपास असणारा आशियातला भाव ५० च्या वर गेला. गेल कंपनीचा रशियाच्या गाझप्रॉमच्या सिंगापूर शाखेशी वीस वर्षांचा करार होता. तो असूनही ती जहाजे येईनाशी झाली, कारण त्या शाखेची जर्मनीतली मूळ कंपनी जर्मन सरकारने ताब्यात घेतली होती. करार सिंगापूरचा, माल रशियाचा, निर्णय बर्लिनचा.

त्याच वर्षी पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी गोठवली. दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेला पैसा आपला असतोच असे नाही, हे त्या दिवशी साऱ्या मध्यवर्ती बँकांना कळले. २०२२ मध्ये त्यांनी मिळून १,००० टनांहून अधिक सोने घेतले, आणि सोन्याच्या पुढल्या तेजीचे हे एक मोठे कारण ठरले. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला गेला. रामआळीतल्या सराफाच्या फळ्यावरचा भाव हा लंडनचा डॉलरमधला भाव, त्या दिवशीचा रुपया आणि सरकारचे कर यांचा मेळ असतो. म्हणून कधी कधी लंडनला सोने जागच्या जागी असते, परदेशी गुंतवणूकदार मुंबईत शेअर विकून डॉलर घेऊन जातात, रुपया उतरतो, आणि फळ्यावरचा आकडा मात्र चढतो. १९९१ मधले कर्ज लवकरच फिटले होते. परदेशात ठेवलेल्या सोन्यापैकी १०० टन रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधून भारतात आणवले.

घरी आलेले महावितरणचे बिल एकदा नीट उलगडून पाहावे. त्यात 'स्थिर आकार' अशी एक ओळ असते आणि 'इंधन समायोजन आकार' अशी दुसरी. पहिली म्हणजे चूल तयार ठेवण्याचे पैसे, दुसरी म्हणजे सरपणाच्या भावातला फरक. जयगडच्या केंद्रात जळणारा परदेशी कोळसा असो की जहाजाने आलेला वायू, त्याच्या महागाईला आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायची वाट याच दुसऱ्या ओळीतून जाते.