पावसात झाडं लावताना थंडी का वाजते?

आजचा एपिसोड जरा ओला आहे.

मागच्या जुलैत मी लॅपटॉप बंद करून मामाच्या गावी गेलो होतो, जावळीच्या डोंगरात. काम साधं होतं. बांधावर जांभूळ आणि करंजाची रोपं लावायची, आड येणारी झुडपं कोयत्याने तोडायची. माझ्या अंगात जीन्स, कॉटनचा टी-शर्ट आणि वर नवाकोरा रेनकोट.

पहिला तास मस्त गेला. मग चहाला थांबलो आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. तरी तसाच उठलो. बोटं बधिर, मूठ नीट आवळेना. कोयता हातातून निसटला तो मामाच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. मामा एवढंच म्हणाला, "बस झालं. आधी अंग कोरडं कर."

नेमकं झालं काय होतं? काम करताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात, म्हणून गारवा जाणवत नाही. पण रेनकोटात हवा खेळत नाही, त्यामुळे टी-शर्ट घामानेच भिजतो. थांबलो की आतली भट्टी मंदावते, कापड मात्र ओलंच राहतं. पाणी स्थिर हवेपेक्षा साधारण २५ पट जास्त उष्णता ओढून नेतं. त्यात डोंगरवारा! मग शरीर फोनसारखं बॅटरी सेव्हरवर जातं. हृदय आणि मेंदू सांभाळायला हातापायांकडचं रक्त कमी करतं. आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही.

मग करायचं काय?

एक, कॉटन टाळा. पटकन वाळणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला. मामाकडे घोंगडी होती. लोकर भिजली तरी बऱ्यापैकी ऊब धरते.

दोन, काम करताना रेनकोटाची चेन थोडी उघडी ठेवा. कोरडा टी-शर्ट, मोजे आणि टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या. थांबलात की आधी कपडे बदला, मग चहा.

तीन, भूक लागायची वाट बघू नका. कुडकुडायलाही इंधन लागतं. दर तासा-दीड तासाने शेंगदाणे-गूळ किंवा चिक्की खा, दुपारी भाकरी-पिठलं. तहान लागली नाही तरी पाणी प्या. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडे रक्त धावतं आणि आतली उष्णता उलट लवकर जाते.

आणि एक साधी टेस्ट: अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल, तर कोयता खाली ठेवा. रोप तासाभराने लावलं तरी जगतं.

यंदाही जुलैत जाणार आहे. या वेळी पिशवीत टॉवेल आधी भरलाय. चला, भेटू पुढच्या भागात!