४५ ग्रॅमचा पॉसम आणि ३०० किलोचं पाकट

आज जरा विजोड जोडी घेऊ. एक आहे ऑस्ट्रेलियाच्या बर्फाळ डोंगरांतला पर्वतीय पिग्मी पॉसम. कांगारूसारखाच पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा, पण वजन जेमतेम ४५ ग्रॅम. दुसरं मेकाँगसारख्या आग्नेय आशियाई नद्यांमधलं महाकाय पाकट. कोकणातल्या बाजारात दिसतं त्याच जातकुळीतलं, शेपटीला तसाच विषारी काटा, फक्त हे गोड्या पाण्यातलं. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत दोघंही आहेत.

गंमत म्हणजे दोघंही विज्ञानाला दोनदा सापडले. पॉसम १८९५ मध्ये जीवाश्मावरून नोंदला गेला. तो संपलाच असं धरून चालले होते, तर १९६६ मध्ये माउंट हॉथमवर स्कीइंगवाल्यांच्या झोपडीत जिवंत निघाला! पाकटाचं वर्णन ब्लीकर यांनी १८५२ मध्ये जावातल्या एका पिल्लावरून केलं. ते मागे पडलं आणि १९९० मध्ये हाच मासा थायलंडमधून ‘नवी प्रजाती’ म्हणून पुन्हा नोंदला गेला.

पण वाचवायचं म्हटलं की वाटा वेगळ्या होतात. पॉसमचं घर बोट ठेवून दाखवता येतं: डोंगरावरच्या दगडांच्या राशी. माद्या वर राहतात, नर विणीपुरते येऊन खाली परततात. हॉथमवर रस्त्याने ही वाट तोडली. नर वरच अडकले, माद्यांच्या अन्नात वाटेकरी झाले. मग रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा काढला (लोक त्याला ‘प्रेमाचा बोगदा’ म्हणतात) आणि हिवाळ्यातून तगणाऱ्या माद्या वाढल्या. अर्थात बोगद्याने सगळं भागत नाही. पॉसमचं मुख्य खाद्य असलेले बोगाँग पतंग शेकडो किलोमीटरवरच्या मैदानांतून उडत येतात. २०१७ नंतरच्या दुष्काळात ते फारच कमी आले, आणि माद्यांच्या पिशवीतच पिल्लं मेलेली आढळली.

पाकटासाठी असा बोगदा कुठे काढणार? ते गढूळ, खोल पाण्यात तळाशी फिरतं. एका वेळी मोजकीच पिल्लं देतं, त्यामुळे एक मोठी मादी गेली की ती भरून यायला वर्षं लागतात. ते बहुतेकदा दुसऱ्या माशांसाठी लावलेल्या गळालाच लागतं. म्हणजे निर्णय गळ टाकणाऱ्याच्या हातात. जून २०२२ मध्ये कंबोडियात ३०० किलोची मादी मिळाली. गोड्या पाण्यातला आजवर नोंदलेला सर्वांत मोठा मासा. मच्छीमाराने संशोधकांना कळवलं, त्यांनी त्याला बाजारभावाने पैसे दिले, मादीला ध्वनिखूण बसवली आणि तिला परत मेकाँगमध्ये सोडलं.