दोन जुन्या गोष्टी आणि एक ‘नवा’ शोध

जे पूर्वी नव्हते ते निर्माण करणे म्हणजे शोध, असे आपण सहज म्हणतो. पेटंटच्या कायद्याचे मात्र एवढ्याने समाधान होत नाही. पेटंट म्हणजे २० वर्षांची मक्तेदारी. ती हवी असेल तर वस्तू नवी असून भागत नाही. ती त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्याजोगीही नसावी लागते.

हा जाणकार म्हणजे प्रज्ञावंत नव्हे आणि नवशिकाही नव्हे. आपल्या विषयात आजवर काय प्रसिद्ध झाले हे ठाऊक असलेला, हाताला कामाची सवय असलेला माणूस, असे कायदा मानतो.

रसायनशास्त्रात हा प्रश्न विशेष बिकट होतो. एका जुन्या लेखात पदार्थ असतो, दुसऱ्यात प्रक्रिया. कोणी दोन्ही एकत्र आणल्या, तर तो शोध की नुसती कारागिरी? येथे दोन गोष्टी पाहतात. दोन्ही जोडण्यास जाणकाराला काही कारण होते काय? आणि यश येईल अशी वाजवी आशा होती काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ आले, तर पेटंट मिळणे कठीण. जोडणीतून अनपेक्षित गुण प्रकटला, तर मात्र पारडे फिरू शकते.

मुंबईचेच उदाहरण पाहू. बेडाक्विलिन हे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील औषध. त्याच्या मूळ संयुगाचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच संयुगाच्या फ्युमरेट क्षारावर निराळे पेटंट मागितले. ते मिळते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. परंतु संयुग माहीत होते आणि औषधाचा क्षार बनविण्याची रीतही जुनीच होती. क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९ मध्ये हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला.

तथापि, येथे एक सावधगिरी हवी. उखाण्याचे उत्तर कळल्यावर तो सोपाच वाटतो. म्हणून परीक्षकाने अर्जाच्या तारखेच्या आदल्या दिवशी उभे राहून विचार केला पाहिजे. कसोटी फार कडक झाली तर खऱ्या संशोधकावर अन्याय होतो. फार सैल झाली तर औषध महाग राहते आणि त्याची झळ हरसूलसारख्या डोंगराळ भागातील रुग्णापर्यंत पोहोचते. कायद्यातील ‘सहज सुचणे’ हे दोन शब्द म्हणूनच आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घेण्याजोगे आहेत.