कुक्कुटपालनातील प्रतिजैविके आणि प्रतिरोधी जिवाणू : एक विवेचन

बीजसंज्ञा : कुक्कुटपालन, प्रतिजैविके, प्रतिरोध, कोलिस्टिन, अन्नसुरक्षा

प्रस्तावना
अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील दुकानांत विकली जाणारी कोंबडी प्रामुख्याने शहराबाहेरील शेडमध्ये वाढलेली असते. तेथे तिला कोणते औषध दिले गेले, याची माहिती ग्राहकाला मिळत नाही. हा प्रश्न केवळ पशुवैद्यकाचा नसून सार्वजनिक आरोग्याचा आहे. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रतिरोध कसा निर्माण होतो ?
मांसल कोंबडी साधारणतः सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होते. एका शेडमध्ये हजारो पक्षी दाटीने वाढत असल्याने रोग झपाट्याने पसरतो. म्हणून प्रतिजैविके तीन हेतूंनी वापरली जातात : उपचार, रोगप्रतिबंध आणि वजनवाढ. यांपैकी तिसरा वापर सर्वाधिक घातक होय. खाद्यातून दीर्घकाळ दिलेल्या अल्प मात्रेने संवेदनशील जिवाणू मरतात, परंतु प्रतिरोधक्षम जिवाणू टिकून राहतात व त्यांचीच संख्या वाढते. औषध प्रतिरोध ‘शिकवत’ नाही. ते प्रतिरोधी जिवाणूंची निवड करते. शिवाय प्लाझ्मिड या सुट्या जनुकीय घटकामार्फत हा गुणधर्म एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतो.

विषाणूंवर प्रतिजैविके निष्प्रभ असतात. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आलेला बर्ड फ्लू हा विषाणूजन्य होता. प्रत्येक मरतुकीवर प्रतिजैविक देणे म्हणूनच अशास्त्रीय आहे.

कोलिस्टिनचे उदाहरण
मूत्रपिंडांवरील दुष्परिणामांमुळे मागे पडलेले कोलिस्टिन हे जुने औषध, अन्य औषधे निकामी ठरू लागल्यावर अतिदक्षता विभागांत अखेरचा उपाय म्हणून परत आले. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळले जात होते. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला दाद न देणारे, प्लाझ्मिडवरील ‘एमसीआर-१’ हे जनुक प्राणी, मांस व रुग्ण या तिन्हींमध्ये आढळल्याचे प्रसिद्ध केले. भारत सरकारने १९ जुलै २०१९ रोजी, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये, अन्नोत्पादक प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनच्या निर्मिती, विक्री व वितरणास बंदी घातली. युरोपीय संघाने वजनवाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर २००६ पासूनच बंदी घातली होती.

समस्येची व्याप्ती
पंजाबमधील १८ कुक्कुटपालन केंद्रांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक महत्त्वाच्या प्रतिजैविकांना निकामी करणारी विकरे निर्माण करणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण अंड्यांवरील कोंबड्यांच्या तुलनेत मांसल कोंबड्यांमध्ये सुमारे दुप्पट आढळले. जागतिक पातळीवर २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज २०२२ मध्ये मांडण्यात आला. यास मानवी उपचारांतील गैरवापरही कारणीभूत आहे. सर्व दोष कोंबडीवर ढकलणे युक्त नाही.

अवशेष आणि जिवाणू : दोन वेगळे धोके
मांसात उरलेला औषधाचा अंश व मांसावरील प्रतिरोधी जिवाणू यांत गल्लत केली जाते. पहिला धोका टाळण्यासाठी औषध थांबवून ठरावीक दिवसांनंतरच कोंबडी विक्रीस काढावी लागते. दुसऱ्या धोक्याच्या बाबतीत, मांस पूर्ण शिजवल्यास जिवाणू मरतात. तथापि तत्पूर्वीच ते हात, सुरी, लाकडी ठोकळा व कच्च्या भाज्यांवर पसरलेले असू शकतात. तसेच शेडमधील कामगार, कोंबडखत व सांडपाणी यांद्वारेही ते पसरतात. म्हणजेच शाकाहारी कुटुंबही या प्रश्नापासून अलिप्त नाही.

समारोप
बंदीचा आदेश आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. अल्प नफ्यावर करारशेती करणाऱ्या शेतकऱ्याला लसीकरण, स्वच्छता, हवेशीर शेड व परवडणारा पशुवैद्यकीय सल्ला मिळाल्यासच औषधांचा वापर घटेल. येथे महाविद्यालयांना वाव आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने तपासणी, अर्थशास्त्र विभागाने उत्पादनखर्च व राष्ट्रीय सेवा योजनेने विक्रेत्यांचे प्रबोधन हाती घ्यावे. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे मार्गदर्शन घेतल्यास असे उपक्रम शास्त्रशुद्ध होतील. नवी प्रतिजैविके क्वचितच गवसतात. आहेत ती जपणे, हे शेड, दुकान आणि रुग्णालय या तिघांचेही समान उत्तरदायित्व आहे.